तीन ग्रॅमचा पाहुणा : नवशिक्या यजमानांसाठी सूचना

ही मार्गदर्शिका कोणासाठी आहे, ते आधी सांगून टाकू. ज्यांनी न्यू जर्सीत नुकतंच घर घेतलं आहे, ज्यांच्या मागच्या अंगणात सध्या गवत, एक ग्रिल आणि आधीच्या मालकाने सोडून दिलेलं ट्रॅम्पोलिन एवढाच संसार आहे, आणि शेजारणीच्या डेकवर अंगठ्याएवढा पक्षी हवेत उभा राहिलेला पाहून ज्यांच्या घरात ‘आपल्याकडे का येत नाही?’ हा प्रश्न जेवताना दोनदा निघाला आहे, त्यांच्यासाठी ती आहे. ज्यांच्याकडे हमिंगबर्ड आधीच येतात त्यांनी वाचू नये. ते उगाच चुका काढत बसतील.

साहित्य : खुरपं, फावडं, पाण्याची नळी, एक खुर्ची आणि हातातला फोन खाली ठेवण्याची तयारी. शेवटची वस्तू कुठल्याही नर्सरीत मिळत नाही.

आधी पाहुण्याची माहिती काढावी. स्थळ बघताना आपण काढतो तेवढी तरी. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिका खंडांतल्या. पण अमेरिकेच्या पूर्व भागात घरटं करणारी जात एकच, रुबी-थ्रोटेड. त्यामुळे ‘हा कुठला बरं?’ म्हणून पुस्तक उघडण्याचा त्रास वाचतो. लिनियसने १७५८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. वजन साधारण ३ ग्रॅम, म्हणजे इथल्या एका पेनीहून किंचित जास्त. पंख सेकंदाला पन्नासच्या आसपास वेळा हलतात. नराचा गळा माणकाच्या रंगाचा, पण तो ऊन योग्य कोनातून पडलं तरच. एरवी काळपट दिसतो. मादीचा गळा पांढरा. ‘आमच्याकडे येतो तो जरा फिकट आहे, आजारी असेल’ असं कोणी म्हणालं तर ती मादी आहे आणि तिची तब्येत उत्तम आहे.

इथे घरातलं एक वडीलधारं माणूस व्हिडिओ कॉलवरून म्हणेल, ‘अरे, हा तर आपल्या पुण्याच्या गॅलरीत रोज येतो!’ येत नाही. तिथे येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. दोघेही फुलातला मध पितात, दोघेही चमकतात, पण दोघांचं नातं काही नाही. हा उद्योग दोघांनी आपापल्या मुलखात स्वतंत्रपणे शोधून काढला आहे. शिंजीर बहुधा फांदीवर बसून जेवतो, हमिंगबर्ड हवेत उभ्या उभ्या. हमिंगबर्डचे खरे भाऊबंद म्हणजे आपल्या पाकोळ्या. ही माहिती वडीलधाऱ्या माणसाला सांगावी की नाही, हे तुमच्या घरातल्या वातावरणावर अवलंबून आहे.

आता मुख्य विषय, फुलांची निवड. नर्सरीत पाय ठेवताच नाक बंद करा.

ही सूचना गंभीरपणे घ्यावी. मराठी माणूस फूल नाकाने निवडतो. रोप उचललं की पहिल्यांदा ते नाकाशी जातं. वास नसेल तर ‘नुसतंच दिसायला आहे’ असा शेरा मारून परत ठेवलं जातं. मोगरा, जाई, जुई, निशिगंध, पारिजातक या सगळ्यांना आपण डोक्यावर घेतलं, केसांत माळलं, देवाला वाहिलं, पण ही फुलं आपल्यासाठी उमलतच नव्हती. पांढरा रंग, संध्याकाळी उमलणं, रात्रभर दरवळणं ही सगळी अंधारात येणाऱ्या पतंगांसाठी केलेली सोय आहे. पक्ष्यांची वाट पाहणारी फुलं वासावर खर्च करत नाहीत. त्यांचा सगळा पैसा रंगात आणि मधात. तेव्हा मोगऱ्याची कुंडी तुम्ही जरूर घ्या, हिवाळ्यात ती आत-बाहेर करण्याचा व्यायामही करा, पण हमिंगबर्डच्या खात्यावर ती मांडू नका.

दुसरी सूचना : टपोरं फूल टाळा. आपल्याला जास्वंदसुद्धा भरगच्च, दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची आवडते. पण माणसाने पैदास करून ज्या फुलांत पाकळ्यांवर पाकळ्या रचल्या, त्यांतल्या बऱ्याच फुलांत मध एकतर उरलेला नसतो किंवा त्या गर्दीत चोच शिरत नाही. गुलाबात मध जवळजवळ नसतोच. गुलाबाभोवती हमिंगबर्ड घोटाळतो आहे असं चित्र तुमच्या दिवाणखान्यात असेल, तर ते चित्रकाराने घरात बसून काढलेलं आहे.

मग घ्यायचं काय? एक सोपी परीक्षा. फूल नळीसारखं लांबट आहे का? वास नाही ना? खाली किंवा आडवं लोंबतं का, म्हणजे मधमाशीला बसायला पाट मिळू नये असं? आणि आजीला फोटो पाठवला तर ‘ह्याला काय फूल म्हणायचं?’ असं उत्तर येईल का? चारही उत्तरं ‘हो’ आली, तर रोप गाडीत टाका.

रंगाबद्दल गैरसमज फार. पक्ष्याला लालच आवडतो म्हणून दार, छत्री, मुलाची सायकल लाल रंगवणारे लोक आहेत. खरी गोष्ट अशी की मधमाशीला लाल रंग नीट दिसत नाही आणि पक्ष्याला उत्तम दिसतो. म्हणजे लाल फूल ही मधमाश्यांपासून थोडी लपवलेली पंगत आहे. पंगतीत जेवण चांगलं मिळतं हे पक्षी अनुभवाने शिकतो आणि लाल दिसलं की चौकशीला येतो. दर्जा पटला तर तो निळ्या फुलावरही जातो. निळ्या साल्व्हियावर त्याची झुंबड बघितलेली माणसं सायकल रंगवत नाहीत.

आता एकेक झाड. स्थानिक कोलंबाइन आधी लावा, कारण ते एप्रिलअखेर-मेमध्ये फुलतं, आणि पाहुणा एप्रिलच्या शेवटी मेक्सिको-मध्य अमेरिकेकडून येतो तेव्हा बाकीची बाग झोपलेलीच असते. लाल-पिवळं, उलटं टांगलेलं फूल. मध वरच्या शिंगांत. सावलीत चालतं, बी आपलं आपण पाडतं. याहून त्याला काही लागत नाही, म्हणून त्यावर अधिक लिहिण्यासारखंही काही नाही.

हनीसकलच्या बाबतीत मात्र डोळे उघडे ठेवा, कारण इथे नाक दगा देतं. नर्सरीत किंवा एखाद्या मित्राच्या कुंपणावर पांढरी-पिवळी, घमघमणारी हनीसकल भेटेल. जुईची आठवण येईल, डोळे भरतील. ती जपानी. ती इथे आक्रमक तण ठरली आहे आणि रानंच्या रानं गिळते. तुम्हाला हवी ती कोरल किंवा ट्रम्पेट हनीसकल : इथलीच, लालभडक, लांब नळीची, आणि वासाच्या नावाने शून्य. मेपासून फुलते, मधूनमधून विश्रांती घेत पार थंडीपर्यंत. एकच वेल परवडत असेल, तर ही.

ट्रम्पेट क्रीपर हाही इथलाच वेल. पक्षी-चित्रकार ऑडबनने आपल्या प्रसिद्ध चित्रात रुबी-थ्रोटेड हमिंगबर्ड याच्याच फुलांभोवती रंगवले आहेत. चित्र फार सुंदर आहे आणि वेल चित्रातच ठेवावा असा माझा सल्ला आहे. एकदा लावला की तो मुळांतून लांब लांब फुटवे काढतो, भिंतीला चिकटून साइडिंगमध्ये शिरतो आणि घराच्या मालकीवर हक्क सांगू लागतो. ज्यांचं एचओएशी, म्हणजे घरमालकांच्या संघटनेशी, आधीच भांडण चालू आहे, त्यांनी लावायला हरकत नाही, विषय बदलेल.

बी बाम, म्हणजे मोनार्डा, जून-जुलैत फुलतो. लाल जात घ्या. पानं पुदिन्याच्या घराण्यातली, उग्र वासाची. म्हणून हरणं सहसा तोंड लावत नाहीत. न्यू जर्सीच्या उपनगरात हा गुण सोन्याच्या भावाचा आहे, कारण तुमचे ट्यूलिप आणि होस्टा ती सॅलडसारखे खाऊन गेलेली असतात. १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्यानंतर लोकांनी याच पानांचा चहा करून वेळ निभावली. आलं-वेलदोडा घालून प्रयोग करण्याचा मोह होईल, तो आवरा. याला एक दुखणं आहे, भुरी. द्राक्षबागवाल्यांना ओळख करून द्यायला नको. झाडं खेटून लावली, हवा खेळली नाही, की ऑगस्टमध्ये पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. अंतर ठेवा, पाणी मुळाशी घाला, पानांवर फवारू नका.

जुलैअखेरीपासून कार्डिनल फ्लॉवर. हा लाल रंग इतका भडक असतो की फोटोत खोटा वाटतो. याला ओल लागते. घराच्या ज्या कोपऱ्यात छताचं पाणी पडून चिखल होतो आणि ज्यावरून तुम्ही दर पावसात एकमेकांना दोष देता, तो कोपरा याचा. त्याच्या शेजारी, कोणी न लावता, नारिंगी फुलांची ज्वेलवीड उगवली तर उपटू नका. ती आपल्या तेरड्याची सख्खी चुलत बहीण आहे; तयार शेंग चिमटीत धरली की तशीच फुटून बिया उडवते. ऑगस्ट-सप्टेंबरात दक्षिणेकडे निघालेल्या पक्ष्यांची ती रस्त्यावरची खाणावळ आहे, आणि फुकट.

यानंतर मी सांगणार ते वाचून काहींना इतक्या अनोळखी नावांना आपण उगाच घाबरलो असं वाटेल. गणेशवेल माहीत आहे ना? शेपूसारखी बारीक पानं, लाल चांदणीसारखी इवलीशी फुलं, कोकणातल्या अंगणात पावसाळ्यात काठीवर चढलेली? ती मूळची उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेची. तिची ती लाल नळी हमिंगबर्डच्या मापाची आहे. कर्दळही अमेरिकेचीच. पुण्या-मुंबईत सोसायट्यांच्या कुंपणाला असते ती नारिंगी हॅमेलियाही इकडचीच, आणि आपला शिंजीर त्या परक्या घरचं जेवण बिनतक्रार जेवतो. म्हणजे ज्या फुलांना तुम्ही आयुष्यभर आपली समजत होता ती इकडून तिकडे गेलेली होती. आता तुम्ही तिकडून इकडे आला आहात, तर एकमेकांना ओळख द्यायला हरकत नाही.

गणेशवेलीचं बी रात्रभर पाण्यात भिजवा. मेच्या मध्यानंतर, थंडीचं भय गेलं की, भरपूर उन्हात पेरा आणि चढायला दोरी द्या. न्यू जर्सीत पहिल्या कडक थंडीत ती मरते, म्हणून पसरण्याची भीती कमी. टेक्सास-फ्लोरिडातल्या मावसभावाला मात्र हा सल्ला पाठवू नका. तिकडे ती मोकाट सुटते. उन्हाळा सरता सरता ती बहरते, म्हणजे नेमके गणपती आणि नेमका हमिंगबर्डच्या परतीचा प्रवास एकाच वेळी. इथे घरोघरी पेच पडतो. सकाळी सहाला परडी घेऊन बाग रिकामी करण्याची आपली पद्धत आहे. सकाळी सहाला पाहुणाही नाश्त्याला येतो. देवाला दोन फुलं ठेवा, उरलेली वेलीवर. गणपतीला उंदीर चालतो, त्याला तीन ग्रॅमचा पक्षी खटकणार नाही.

झाडं वाढेपर्यंत फीडर लावणार असाल तर पाककृती नीट वाचा. पांढरी साखर एक वाटी, पाणी चार वाट्या. विरघळवा, गार करा, भरा. बस. एकतारी पाक करायचा नाही. वेलदोडा नाही, केशर नाही, लिंबू नाही. पांढरी साखर वाईट म्हणून गूळ घालू नका. त्यातलं लोह या एवढ्याशा जिवाला अपाय करतं. मध तर अजिबात नको, पंचामृतात त्याचा मान कितीही असो. पाण्यात मिसळलेल्या मधावर बुरशी लगेच धरते. लाल रंगही घालू नका, फीडर लाल असतो तेवढा पुरे. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी फीडर धुऊन नवं पाणी भरायचं आहे. ‘कालचंच आहे, चांगलं आहे’ हा नियम फक्त घरच्या आमटीला. राज्याच्या वायव्येकडे राहत असाल तर रात्री फीडर घरात घ्या, कारण ही पाककृती अस्वलांनाही पसंत आहे.

एक फीडर लावला की चार पक्षी येतील असा हिशोब करू नका. एक येईल आणि तो इतर तिघांना हाकलण्यात दिवस घालवेल. विशेषतः नर. समोरच्या फांदीवर बसून तो पहारा देतो. दुसरा दिसला की झेप. सोसायटीतल्या पार्किंगच्या जागेवरून माणसं भांडतात त्याहून हे वेगळं नाही, फक्त इथे मीटिंग बोलावत नाहीत. उपाय एकच : एक ताटवा घराच्या पुढे, दुसरा मागे, एकावरून दुसरा दिसणार नाही असा. त्याला दोन्हीकडे पहारा जमत नाही.

आता जी सूचना घरात सर्वांत जास्त विरोध ओढवून घेईल ती. जळमटं काढू नका. मादी घरटं एकटी बांधते, नर हातभार लावत नाही. आणि ते अक्रोडाच्या अर्ध्या कवचाएवढं घरटं ती कोळ्याच्या जाळ्यातल्या धाग्यांनी विणते, वरून दगडफुलाचे तुकडे चिकटवते. दोन अंडी. पिल्लं मोठी होताना घरटं ताणलं जातं, ते या धाग्यांमुळे. पिल्लांना ती नुसता मध पाजत नाही. चिलटं, मावा, छोटे कोळी भरवते. म्हणून महिन्याला अमुक डॉलर घेऊन ‘डास-मुक्त अंगण’ फवारून देणारा माणूस आणि हमिंगबर्ड, या दोघांतून एकच बोलवायचा असतो. दिवाळीची साफसफाई आतून करा, छताखालचे बाहेरचे कोपरे राहू द्या. सासूबाईंना सांगायला शास्त्र आहे, ते वर दिलं.

जुलैत एका दुपारी तुम्ही ‘आला! आला!’ असं ओरडाल. बी बामवर काहीतरी घोंघावत असेल, मागे-पुढे होत असेल. नीट बघा, डोक्यावर मिशा आहेत का? असतील तर तो पारदर्शक पंखांचा पतंग आहे. त्याचे भाऊबंद महाराष्ट्रातही दिवसाढवळ्या फुलांवर तरंगतात, आणि ‘आमच्या टेरेसवर हमिंगबर्ड’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यांतले बरेच यांचेच असतात. ओरडलात त्यात काही बिघडलं नाही. फक्त ग्रुपवर टाकू नका.

फोटोबद्दल थोडक्यात. शेजारच्याच डेलावेअरमध्ये ड्यू पॉन्ट कंपनीचे अध्यक्ष क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांना हे पंख थांबलेले बघायचे होते. ते इंजिनिअर, अतिवेगवान फ्लॅश वापरून त्यांनी दक्षिण अमेरिकेपर्यंत जाऊन फोटो काढले आणि १९६० मध्ये पुस्तक काढलं. तुमच्याकडे फोन आहे आणि स्वयंपाकघराची जाळी मध्ये आहे. बघून घ्या.

ऑगस्टपासून नर निघायला लागतात. मग माद्या आणि त्या वर्षीची पिल्लं, ज्यांनी रस्ता कधी पाहिलेला नसतो. त्याआधी ते इतकं खातात की वजन जवळजवळ दुप्पट होतं. कारण पुढे त्यांतले बरेच मेक्सिकोचं आखात, साधारण ८०० किलोमीटर, न थांबता ओलांडतात. सप्टेंबरात फीडर काढून ठेवा, नाहीतर पक्षी इथेच अडकतील, असं कोणीतरी सांगेल. अडकत नाहीत, दिवस लहान होऊ लागला की ते निघतातच. शेवटचा पक्षी गेल्यावरही फीडर दोन आठवडे राहू द्या, मागे राहिलेला एखादा ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो आणि त्याला घाई असते.

शेवटची सूचना, कायद्याची. गणेशवेलीचं बी आईला मेतकुटाच्या पुडीत घालून पाठवायला सांगू नका. परदेशातून बी आणायला इथे वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, आणि विमानतळावरचा अधिकारी मेतकूटही उघडून बघतो. तेच बी इथल्या बियाण्यांच्या दुकानात सायप्रस व्हाइन या नावाने, बऱ्याचदा पाकिटावर हमिंगबर्डचं चित्र छापून, थोडक्या डॉलरांत मिळतं.